जपानी पोथीची समाप्ती

मुरुममध्ये जपानी चित्रकथांवर अधिकारानं बोलू शकेल असा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे मी. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट बघून झाली. ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क असलो म्हणून काय झालं? तिकडं ज्याला मंगा म्हणतात, त्या प्रकारावर इकडं उमरग्यापासून तिकडं आळंदपर्यंत माझ्याइतका विचार केलेला माणूस सापडायचा नाही. हे विधान थोड्याच वेळात मला मागं घ्यावं लागणार आहे. पण तोवर ते असू द्या, लई कष्टानं उभं केलंय.

सुरुवात खोक्यापासून झाली. आमची सोनाली पुण्याला इंजिनिअरिंगला गेली आणि जाताना खोलीत एक खोकं ठेवून गेली. म्हणाली, "पप्पा, वाटलं तर वाचा. पण हात धुऊन. पान दुमडायचं नाही. आणि कुणाला द्यायचं नाही."

मी काही लगेच उघडलं नाही. पण फोनवर आमचं बोलणं असं व्हायचं: जेवलीस का? जेवले. काय होतं? मेसचंच. मग दोघंही गप्प. तिकडनं तिच्या मैत्रिणींचं हसणं ऐकू यायचं, इकडनं आमचा पंखा. शेवटी मी म्हणायचो, "बरं, आईला देतो." पोरगी नववीत असताना माझ्या खांद्यावर बसल्यासारखी बोलायची आणि आता मी तिला पंखा ऐकवत होतो. म्हणून एक दिवस हात धुतले आणि खोकं उघडलं.

आत एकाच कथेचे अकरा खंड निघाले. काळी-पांढरी चित्रं, इंग्रजी बोलणं. मी ऑफिसातला माणूस, आधी प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं आणि डिंकानं आतून पक्कं चिकटवलं. चिकटवताना आत एक कसलीशी सूचना छापलेली दिसली. आयुष्यभर मी नोटीस बोर्डावर सूचना लावत आलोय आणि त्या कुणी वाचत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा तिच्यावरच डिंक लावला.

मग वाचायला बसलो आणि खरं सांगतो, थक्क झालो. पहिल्याच पानावर हारुओ नावाचं पोरगं बर्फात रक्तबंबाळ होऊन पडलेलं. पुढं पुढं ते बरं होत जातं. जखमा भरतात, फाटलेला सदरा आपोआप शिवला जातो. मग ते घरी येतं, त्याचा मेलेला आजा उठून बसतो आणि दोघं मिळून भात खातात. तिथं खंड संपतो. असलं काही मी उभ्या जन्मात वाचलं नव्हतं. पानांचे आकडेसुद्धा उतरत जायचे. मी ताडलं, ही जपानी शिस्त. आपण किती वाचलं ते सांगतो, ते किती उरलं ते सांगतात. बोलणंही तसंच. एकजण म्हणायचा, "डोंगराच्या पलीकडं," आणि दुसरा मग विचारायचा, "कुठं राहतो तो?" उत्तर आधी, प्रश्न नंतर. ह्या एका गोष्टीवर मी अख्खा रविवार विचार केला. बायकोनं दळण आणायला सांगितलं होतं, ते राहिलं.

"मेलेली माणसं उठून भात खातात अन् तुम्हाला दळण सुचंना," शिवकन्या म्हणाली. तिला काळाची उलटी गती समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. ती म्हणाली, गिरणी सहाला बंद होते.

मग मी माझी मतं सोनालीला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायला लागलो. ‘जपानी मनातील काळाचा प्रवाह’, ‘प्रश्नाआधीचे उत्तर: एक चिंतन’ अशी. तिच्याकडनं डोळ्यांतून पाणी वाहणारे पिवळे चेहरे यायचे, रांगेनं. पोरगी हळवी आहे, मला माहीत होतं. तिनं ती मतं तिच्या मंगा वाचणाऱ्या ग्रुपवर टाकली. तिथनं मागणी आली, काकांचं अजून ऐकव. रोज रात्री जेवणं झाली की तिचा फोन यायला लागला. "पप्पा, तिसऱ्या खंडाबद्दल तुमचं काय मत?" पंखा ऐकू यायचं बंद झालं.

आता पुण्यातल्या पोरांना मी कळलो आणि मुरुमला कळू नये, हे मला बरं वाटेना. आपल्या अंगणात एक चर्चा ठेवावी, चार वाचक जमवावेत, मतं ऐकावीत, मुख्यतः ऐकवावीत, असं मी शेजारच्या शरणप्पाला बोललो. शरणप्पाचं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि सल्ल्याचं गोडाऊन.

"नुसतं मत ऐकाया कोण येतंय?" तो म्हणाला. "मत ज्याच्या त्याच्याकडं घरचंच असतंय. माइक पायजे, पाहुणा पायजे, नारळ पायजे, अन् शेवटाला कायतरी खाया पायजे. फ्लेक्सचं माझ्याकडं लागलं."

फ्लेक्सवाल्यानं शरणप्पाला विचारलं, जपानचा फोटो कुठला टाकू? शरणप्पाच्या मोबाईलमध्ये जपानी म्हणता येईल असा एकच फोटो होता, पॉवर टिलरचा. नांगरटीचं यंत्र, कंपनी जपानी. चौकात फ्लेक्स लागला: ‘भव्य जपानी ग्रंथ चर्चा’, खाली लालभडक पॉवर टिलर आणि त्याच्या हँडलजवळ माझा पासपोर्ट साइझ चेहरा. दोन दिवस मला शेतकऱ्यांचे फोन येत होते, अनुदान किती टक्के. एकानं तर सातबाराच पाठवून दिला.

माइकच्या परवानगीला पोलीस ठाण्यात शरणप्पाच गेला. तिथं विचारलं, कार्यक्रम कसला? धार्मिक, राजकीय का लग्न? वाचन म्हटल्यावर सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. वाचनाला माइक कुणी मागितलाच नव्हता. "मग म्या धार्मिक म्हणलो," शरणप्पा म्हणाला. "ग्रंथ हायच की. काय बिघडतंय?"

जे बिघडायचं ते असं बिघडलं, की धार्मिक ग्रंथ आहे असं ऐकून महादेवाच्या देवळातलं बायकांचं पोथी मंडळ ठरल्या दिवशी चार वाजता माझ्या अंगणात हजर. पुढं इरम्मा. इरम्मा म्हणजे शरणप्पाची आई. श्रावणात पोथी लागली की एकजण वाचतो आणि अर्थ इरम्मा सांगते, हे आमच्या गल्लीत सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. बायकांनी पायावर पाणी घेतलं, टेबलावरच्या अकरा खंडांना हळद-कुंकू वाहिलं आणि सतरंजीवर बसून पदर डोक्यावर घेतले. हात धुऊन वाचा, असं सोनाली म्हणाली होती. पूजा करू नका, असं म्हणाली नव्हती.

पाहुणे हिंमतराव. नव्वदीला टेकलेले, निजामाच्या वक्ताला उर्दू शाळेत शिकलेले. अजून सही तशीच करतात, बँकेत त्यावरनं दर वेळी भांडण होतं. त्यांच्या हस्ते ग्रंथाचं उद्घाटन करायचं होतं. मी पहिला खंड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजवीकडनं उघडला.

"काका, ते शेवटचं पान आहे," मी अदबीनं म्हणालो.

"किताब कुठनं उघडती ते तू मला शिकवतो व्हय?" हिंमतराव म्हणाले. "अलिफ बे गिरवून म्हातारा झालेला माणूस हाय मी. हे काय, इथं एकचा आकडा हाय. हितं म्हातारा मरायला टेकलाय, पोराला तलवार देतोय. आता हितनं असा डावीकडं चल."

मी बघितलं. पान एक. आजा पोरासोबत भात खातोय आणि सांगतोय, ही तलवार एका राक्षसाची, मी वापरायला आणली होती, परत देऊन ये. पोरगं विचारतं, "कुठं राहतो तो?" म्हातारा म्हणतो, "डोंगराच्या पलीकडं."

प्रश्न आधी आला होता. उत्तर नंतर.

"म्हंजी तू आजवर सगळं उलटंच वाचत हुतास?" शरणप्पानं विचारलं. त्याच्या हातात माइक होता आणि तो चालू होता. ते एसटी स्टँडपर्यंत गेलं. तिथं उमरग्याच्या गाडीची वाट बघत आमच्याच कॉलेजचे इतिहासाचे सर उभे होते. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात मागं मागं चालत आले आणि म्हणाले, येतो मग.

मी नखानं खाकी कव्हर उचकटलं. डिंकाखालची सूचना वर आली. थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं सुरुवात करत आहात, असं तिच्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं. अकराच्या अकरा खंडांत.

माझी इच्छा होती की पॉवर टिलरवर बसून कुठंतरी निघून जावं. पण इरम्मानं वर बघितलं. "झालं का रे तुमचं? नारळ फुटलाय. पोथी उघडली, आता वाच. वाच तू, अर्थ मी सांगते."

"इरम्मा, आधी ह्या ग्रंथाबद्दल माझं थोडं मत..."

"मत मागनं. आधी गोष्ट."

म्हणून मी वाचलं. इंग्रजी बघायचं, मराठीत सांगायचं, मग पुस्तक बायकांकडं धरायचं. इरम्माला इंग्रजी येत नाही आणि जपान कुणीकडं आहे ते तिनं विचारलंही नाही. ती चित्र बघायची आणि अर्थ सांगायची. हारुओची चुलती त्याला वाटेत खायला देते, त्यावर मी सांगितलं, चुलती प्रेमळ आहे. इरम्मा म्हणाली, "न्हाय. हात बघ तिचा. देताना मूठ झाकलीय. ती पोराला घराबाहेर काढायली." मी पुढचं पान वाचलं. चुलती खरंच त्याला घराबाहेर काढत होती.

मग दोन पानं मिळून एकच चित्र आलं, त्यावर एक शब्द नाही. नुसतं रान, गवत, आणि मध्ये नखाएवढं पोरगं. मला ते उलट्या वाचनातलं आठवत होतं, काही लिहिलेलं नाही म्हणून मी पटकन उलटलं होतं. आताही उलटायला गेलो तर इरम्मानं माझं मनगट धरलं.

"थांब की. वारा सुटलाय त्या रानात. पोरगं मागं वळून घर बघायलंय, अन् घर दिसंना गेलंय."

शिवकन्या चहाचं पातेलं घेऊन दारात थांबली. पदर डोळ्याला लागले. कुठल्या जपानी माणसानं कुठल्या टेबलावर बसून चार रेघा ओढल्या असतील, आणि त्यानं आमच्या मुरुमच्या बायकांना असं धरून ठेवावं. मी इतकी वर्षं नोटीस बोर्ड लिहितोय, एकदा कुणाचा पाय थांबला नाही.

रात्री सोनालीचा फोन आला. मी कबूल केलं, उलटं वाचत होतो.

"मला माहीत होतं, पप्पा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तुम्ही इतकं बोलत होता. म्हटलं, सांगितलं तर आपलं बोलणं पुन्हा ‘जेवलीस का’वर येईल."

मी म्हणालो, पंखा लावू का? ती हसली. पण अंगणातल्या मंडळाबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. कुणाला द्यायचं नाही हे तिचं वाक्य मला आठवत होतं. आत्ता कुठं ती माझ्याशी बोलायला लागली होती. ते घालवायची माझी छाती झाली नाही.

पुढं ते माझ्या हातात राहिलंच नाही. पोथी लागल्यावर रोज वाचायला लागते, खाडा चालत नाही. चार वाजले की मंडळ हजर. ऑफिसातनं मी रोज लवकर निघायचो. साहेबांनी कारण विचारलं तर पोथी आहे म्हणायचो, आणि मग साहेबही हात जोडायचे. खंडांना लाल फडकं आलं. पानात खूण म्हणून बेलाचं पान आलं. कापराचा वास बसला. आणि मतं तर विचारू नका. राक्षसानं तलवार वापरायला दिलीच का, ह्यावर दोन बायका एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या. हारुओ थंडीत उघड्या पायानं हिंडतो म्हणून मंडळातल्या गिरिजाबाईंनी त्याच्यासाठी मोजे विणायला घेतले. मी म्हटलं, ते चित्र आहे. त्या म्हणाल्या, माहीत हाय, पण बघवत न्हाय. हिंमतराव रोज येऊन पहिलं पान उघडून द्यायचे, माझ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

मी अधूनमधून माझं मत मांडायला तोंड उघडायचो. सगळं मंडळ एका आवाजात म्हणायचं, "मत मागनं."

अकरावा खंड दिवाळीच्या तोंडावर संपला. शेवटच्या चित्रात दोरीचा पूल तुटलाय, हारुओ एका हातानं लोंबकळतोय आणि दुसऱ्या हातात तलवार.

"पुढं वाच," इरम्मा म्हणाली.

"पुढचा खंड नाही."

"न्हाय कसा? पोथी लागली की समाप्ती पायजे. अर्ध्यात सोडली तर घराला चांगलं नसतंय. लेकराला असं लटकत ठेवून कुणी उठायचं न्हाय हितनं."

आणि त्या खरंच उठेनात. चुली पेटायची वेळ झाली. बायकांना न्यायला नवरे येऊन दारात उभे राहिले आणि तेही विचारायला लागले, मग पोराचं काय झालं? शेवटी मी सोनालीला फोन लावला. नाइलाजानं सगळ्यांच्या देखत, स्पीकरवर.

"बारावा अजून आलाच नाही, पप्पा. लेखक आजारी आहे. सुट्टीवर आहे."

अंगणातनं एकदम हाय हाय झालं.

"पप्पा, कोण आहे तिथं?"

"मंडळ आहे."

"कसलं मंडळ? पुस्तकं कुठंयत?"

"देव्हाऱ्यात," शिवकन्या आतनं म्हणाली. ती खोटं बोलत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

मंडळाला वेगळीच काळजी. लेखकाला बरं वाटायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी महादेवाला अभिषेक ठरला. पुजाऱ्यांनी विचारलं, नाव? ते मी सांगितलं, त्यांनी तीन वेळा म्हणून बघितलं. गोत्र? मी म्हणालो, जपान. पुजारी म्हणाले, ज्याचं माहीत नसतं त्याचं कश्यप. अशा रीतीनं जपानमधला एक माणूस त्याला न विचारता कश्यपगोत्री झाला आणि त्याच्या नावानं मुरुमला अकरा नारळ फुटले, खंडाला एक. फोटो काढायला शरणप्पा होताच. ते मी सोनालीला पाठवले. निळी खूण झाली, उत्तर आलं नाही.

धनत्रयोदशीला ती आली. बॅग खाली न ठेवता देव्हाऱ्याकडं गेली. लाल फडकं सोडलं. एकेक खंड घेतला, कुंकू बघितलं, डिंक बघितला, वास घेतला. मी दाराशी उभा. साहेबांच्या केबिनबाहेर असतो तसा.

"सातवा कुठंय?"

सातवा गिरिजाबाईंच्या सुनेकडं होता. बाळंतपण अडलं होतं, उशाला पोथी पाहिजे होती, आणि मंडळाच्या मतानं सध्या तीच चालू पोथी. सोनाली चप्पल घालून निघाली. मी मागं. गिरिजाबाईंच्या घरात पाळण्याशेजारी सून झोपलेली, तिच्या उशाखाली खाकी कोपरा दिसत होता. पाळण्यात पोरगं, पायात विणलेले मोजे. जपानी पोराचेच, अंमळ मोठे झालेले.

सोनालीनं हात पुढं केला. मग मागं घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "दहावीस दिवसांनी देतील ना?"

येताना चौकात फ्लेक्स अजून होता. तिनं पॉवर टिलर बघितला, माझा चेहरा बघितला, आणि खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्या पिवळ्या चेहऱ्यांसारखं. तेव्हा मला त्या चेहऱ्यांचा अर्थ कळला.

त्या दिवाळीत चार वाजता ती वाचायला बसली, पहिल्या खंडापासून पुन्हा. तलवारीचे आवाज काढून, राक्षसाचा घोगरा गळा लावून. मंडळ खुळं झालं. मध्येच ती म्हणाली, "आमच्या ग्रुपचं म्हणणं आहे की हा राक्षस म्हणजे..."

"मत मागनं," इरम्मा म्हणाली.

सोनालीनं माझ्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या पक्षाचं वाटलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला बातमी आली, लेखक बरा झाला, बारावा आणि शेवटचा खंड निघाला. मंडळाला आश्चर्य वाटलं नाही, अभिषेक केला होता. सोनाली म्हणाली, मी मागवते. मी म्हणालो, थांब, हा मान बापाचा. ऑफिसातनंच मोबाईलवर मागवला, तिला चकित करायचं होतं. समाप्तीचा दिवस धरून ती पुण्याहून आली. अंगणात मांडव पडला. गिरिजाबाईंचा नातू मोज्यांसकट आला, सातव्या खंडासकट. शरणप्पानं परवानगी काढली, ह्या वेळी कुणी काही विचारलं नाही. पार्सल मी सगळ्यांसमोर फोडलं.

ते जपानी भाषेतलं होतं.

सोनालीनं कपाळावर हात मारला. मी मोबाईल चाचपला. मंडळात चुळबुळ झाली. इरम्मा सरसावून बसली. "अक्षराचं काय घेऊन बसलास? चित्रं हायत का? मग तू नुसती पानं उलट. अर्थ मी सांगते."

हिंमतराव अजून आले नव्हते, त्यांची वाट बघायला कुणी तयार नव्हतं. सोनाली माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "उघडा पप्पा." मी खंड हातात घेतला, मंडळाकडं तोंड करून धरला आणि उघडला.

सवयीनं डावीकडनं उघडला. गोष्टीचं शेवटचं पान सगळ्यांनी आधीच बघितलं.